नकाशातली कोरी जागा

भाचीनं टेपचं टोक माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "मामा, भिंतीला टेकवून धरा, हलू नका." मी धरून उभा राहिलो. ती टेप ओढत बैठकीच्या दुसऱ्या टोकाला गेली, आकडा वाचला, वहीत मांडला, खात्री करायला पुन्हा वाचला. आमच्या बैठकीकडं इतक्या गांभीर्यानं आजवर कुणी पाहिलेलं नव्हतं.

आई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. "ह्या घराचं काय मोजायलीस गं? इकायचं ठरलं का काय?"

मी टेपकडं बघत राहिलो. कारण विकायचं ठरलं नसलं तरी विषय निघालेला होता. धाकटा भाऊ पुण्याला असतो. महिन्यातून एकदा त्याचा फोन येतो, आईच्या गुडघ्याची चौकशी होते आणि तिसऱ्या मिनिटाला गाडी घरावर येते. "दादा, शेजारचे तयार आहेत. दोन्ही प्लॉट मिळून दिले तर चार मजले होतील. तू काय म्हणतोस?" मी म्हणतो, बघू.

भाचीचं निमित्त मात्र वेगळं होतं. ती आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे. कॉलेजात वारसा वास्तूचं मोजमाप करून नकाशे काढायचे होते. आमच्या शहरात त्याला काय तोटा? मलिक अंबरनं १६१० मध्ये खडकी, म्हणजे पुढचं औरंगाबाद आणि आताचं छत्रपती संभाजीनगर, वसवली तेव्हापासून इथं जो आला तो काहीतरी बांधून गेला. बावन्न दरवाज्यांचं शहर म्हणतात. वर्गातल्या मुलांनी एकेक दरवाजा वाटून घेतला, कुणी पाणचक्की घेतली. हिनं सांगितलं, सरकारी महामंडळ सिडकोनं बांधलेलं रो हाऊस करणार, माझं आजोळ. शिकवणारे हसले म्हणे. "अजून पन्नास वर्षांनी कर," म्हणाले.

ती घरी आली ती हे वाक्य घेऊनच. रागावलेली होती. माझ्या बहिणीसारखीच आहे, राग आला की कामाला लागते.

मी बहात्तरचा. मराठवाड्यात हे साल नुसतं सांगितलं की पुढं काही सांगावं लागत नाही. मिलोच्या लाल भाकरी, सुकडी, दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेल्या बाया. माझी आई मला पोटात घेऊन त्या कामावर होती, हे ती मला दर वाढदिवसाला न चुकता ऐकवते. त्याच साली सरकारनं नवीन औरंगाबाद वसवायचं काम सिडकोकडं दिलं. सिडको तेव्हा स्वतःच दोन वर्षांची, १९७० मध्ये नव्या मुंबईसाठी जन्मलेली. भाचीनं मला त्याच सालाची बाकीची यादी दिली. लंडनमध्ये रॉबिन हूड गार्डन्स नावाची काँक्रीटची मोठी वसाहत बांधून झाली. दिल्लीत प्रगती मैदानावर वास्तुविशारद राज रेवल यांचा हॉल ऑफ नेशन्स, म्हणजे प्रदर्शनाचं मोठं दालन, उभा राहिला. आणि अमेरिकेत सेंट लुईसला प्रुइट-आयगो नावाच्या वसाहतीतल्या अकरा मजली इमारती सुरुंग लावून पाडायला सुरुवात झाली. म्हणजे गरिबांना काँक्रीटची घरं द्यायची हे स्वप्न एका ठिकाणी पुरं होत होतं, दुसरीकडं ते जमीनदोस्त होत होतं, आणि आमच्याकडं घागरभर पाण्यासाठी रांग लागलेली असताना त्याची तयारी चालू होती.

वडील औसा तालुक्यातून आले. चिकलठाण्याला कंपनीत लागले, काही वर्षं मुकुंदवाडीत भाड्यानं राहिले, मग सिडकोच्या घराचा नंबर लागला. दोन खोल्या, पुढं ओटा, मागं मोरी आणि संडास, शहाबादी फरशी, सिमेंटची जाळी, वर स्लॅब. स्लॅब हा शब्द वडील ज्या ऐटीत उच्चारत ती मला अजून आठवते. गावाकडं पत्र आलं की त्यात एकदा तरी "स्लॅबचं घर" यायचंच. गावातलं आमचं घर माळवदाचं होतं. दगड-मातीच्या हातभर रुंद भिंती, सागवानी तुळया, वर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात आत शिरलं की डोळ्यांना गार वाटायचं. सिडकोतल्या स्लॅबखाली मे महिन्यात रात्री दहा वाजताही भिंतीला हात लावला तर चटका बसायचा. आम्ही सगळे गच्चीवर पाणी शिंपडून झोपायचो. पण कुणी तक्रार केल्याचं आठवत नाही. संडास घरात होता, नळ घरात होता आणि घर आपल्या नावावर होतं.

भाची आली तेव्हा त्या मूळ घरातलं काय उरलं होतं? तिनं लाल पेन्सिलीनं मूळ भिंती आणि निळीनं वाढवलेलं बांधकाम दाखवायचं ठरवलं. दुपारपर्यंत सगळा कागद निळा झाला. ओट्याची खोली झालेली. मागच्या बोळाच्या कडेला स्वयंपाकघर ढकललेलं. वर एक मजला, मग त्यावर पत्रा. जाळी काढून सरकती खिडकी. सिडकोच्या एन-दोन सेक्टरपासून एन-तेरापर्यंत कुठंही जा, हेच दिसेल. आमच्या ओळीत तर मूळ रूपातलं घर म्हणून एकच उरलंय, आणि तेही मालक परगावी असल्यामुळं, हौसेनं नाही.

बैठकीच्या चार कोपऱ्यांत चार कॉलम आहेत. भाची त्यांच्यापाशी अडली. "मामा, हे कशाला? भिंती तर भार पेलणाऱ्याच आहेत. हे मधेच कुणी टाकले?"

हे वडिलांचे.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बुडवून गाव झोपलं आणि पहाटे तीन छप्पनला किल्लारीची जमीन हलली. ज्या मातीनं घर गार ठेवलं होतं तीच अंगावर आली. जवळपास दहा हजार माणसं गेली. आमची आजी त्यांत होती. वडील तिसऱ्या दिवशी परत आले, तेव्हा त्यांच्या केसांत माती होती आणि ती त्यांनी बरेच दिवस धुतली नाही, किंवा मला तसं वाटत राहिलं. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी फंडातून पैसे काढले, मिस्त्री बोलावला आणि चार कोपरे खणून चार कॉलम टाकले. मिस्त्री सांगत होता की साहेब, याची गरज नाही. एखादा इंजिनिअर असता तर कदाचित असंही म्हणाला असता की असे मागून चिकटवलेले कॉलम काही कामाचे नाहीत. वडिलांनी कुणाला विचारलंच नाही. "राहू दे, आपल्याला झोप लागती," एवढंच म्हणाले.

आता सांगा, हे लाल पेन्सिलीनं काढायचे की निळ्या?

मी विचारलं की अशी घरं कुठं जपतात तरी का. भाचीला हेच हवं होतं. तिनं लॅपटॉपवर फ्रान्समधलं पेसाक दाखवलं. बोर्दो शहराजवळ, साखर कारखानदार असलेल्या एका माणसानं वास्तुविशारद ल कॉर्बुझिएला सांगून कामगारांसाठी पन्नासेक घरं बांधवून घेतली, १९२४ ते २६ च्या दरम्यान. सपाट गच्च्या, आडव्या लांबलचक खिडक्या, रंगीत भिंती. बांधून झाल्यावर घरं काही वर्षं रिकामी पडून राहिली, कारण पाणी जोडून मिळेना. हे ऐकून आई पहिल्यांदा त्या लॅपटॉपजवळ आली. आठवड्यातून एकदा नळ येणाऱ्या शहरात राहणाऱ्या बाईला फ्रान्स एकदम ओळखीचा वाटला. "तिकडं बी?" म्हणाली.

मग लोक राहायला आले आणि त्यांनी तेच केलं जे आम्ही केलं. लांब खिडक्या बुजवून लहान केल्या, सपाट गच्चीवर उतरतं छप्पर टाकलं, मोकळ्या जागा झाकून खोल्या केल्या. वास्तुकलेच्या पुस्तकांत ही वसाहत म्हणजे सुधारणेचा फसलेला प्रयोग होऊन बसली. पुढं वारं फिरलं. १९८० मध्ये त्यातलं एक घर सरकारनं संरक्षित केलं, हळूहळू आणखी काहींना मूळ रूप परत दिलं आणि २०१६ मध्ये कॉर्बुझिएच्याच चंदीगडच्या कॅपिटॉल संकुलासोबत ही वसाहत जागतिक वारसा यादीत गेली.

मला ती जुनी छायाचित्रं जास्त आवडली, बदललेल्या घरांची. कुठल्या तरी फ्रेंच वडिलांनीही तिथं काहीतरी टाकलं असेल, झोप लागावी म्हणून. वारसा म्हणून मूळ रूप परत आणलं तेव्हा पहिल्यांदा तेच गेलं असेल.

आपल्याकडचा कायदा इतक्या लांब जातच नाही. १९५८ च्या केंद्राच्या कायद्यात प्राचीन स्मारक म्हणवून घ्यायचं तर शंभर वर्षं पुरी व्हावी लागतात. त्या हिशोबानं आमचं घर २०८० च्या पुढं रांगेत उभं राहील. हॉल ऑफ नेशन्सचं तर याहून वाईट झालं. ती वास्तू पंचेचाळीस वर्षांची, आणि दिल्लीच्या वारसा समितीनं साठ वर्षांची अट पुढं केली. एप्रिल २०१७ मध्ये रातोरात पाडली. साठ वर्षं पुरी होईपर्यंत कुणी पाडायची नाही, असा मात्र नियम नाही. हे म्हणजे म्हातारपणीच औषध मिळेल, पण म्हातारं होऊ देणार नाही, असं झालं. मुंबईनं १९९५ मध्ये वारशाचे नियम केले, श्रेण्या लावल्या, आणि २०१८ मध्ये ओव्हल मैदान आणि मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको शैलीतल्या इमारती जागतिक वारसा झाल्या. त्यातल्या कितीतरी साध्या राहत्या बिल्डिंगा आहेत, १९३० च्या दशकातल्या. त्यांच्या गॅलऱ्यांत आजही टॉवेल वाळतात. म्हणजे आपल्याच राज्यात फ्लॅट वारसा होऊ शकतो. समुद्र तेवढा समोर पाहिजे.

आमच्यासमोर समुद्र नाही. आमच्यासमोर होती ती मधली जागा.

हे मला त्या दिवशी दुपारी कळलं, तोवर मीही घरालाच घर समजत होतो. घरातलं मोजून झाल्यावर भाची बाहेर आली. आमची ओळ आणि समोरची ओळ यांच्यामध्ये सिडकोनं एक मोकळा तुकडा सोडलेला होता. ना बाग, ना मैदान. त्याला नावही नव्हतं, आम्ही "मधी" म्हणायचो. "कुठंय गं तो?" "मधी खेळायलाय." एक कडुनिंब होता. उन्हाळ्यात तिथं कुरडया-पापडांचं वाळवण पडायचं, नवरात्रात हादगा व्हायचा, टँकर आला की हंड्यांची रांग तिथंच लागायची आणि भांडणंही. मोठं कुणी वारलं की माणसं तिथंच सतरंजीवर बसायची. बीडचे, जालन्याचे, नांदेडचे, एक घर बिहारचं. सगळे नोकरीसाठी आलेले, कुणाचंच कुणी नव्हतं. गावकी म्हणून जे काही झालं ते त्या तुकड्यावर झालं.

टेप तिथं लावला तेव्हा आकडा निम्म्याहून कमी भरला. लेआउटच्या जुन्या नकाशात रुंदी स्पष्ट लिहिलेली. मधली जागा गेली कुठं? भाचीनं माझ्याकडं बघितलं आणि मी आमच्या चॅनल गेटकडं. प्रत्येकानं तीन तीन फूट घेतले. आधी तुळशीवृंदावन, मग कुंपण, मग स्कूटरसाठी पत्रा, मग गाडीसाठी उतार. समोरच्यांनी घेतले म्हणून आम्ही, आम्ही घेतले म्हणून समोरच्यांनी. कडुनिंब कुणाच्या तरी गाडीवर पानं पडतात म्हणून गेला. यात बिल्डर नव्हता, सरकार नव्हतं. २००६ मध्ये सिडको वसाहती महापालिकेकडं गेल्या, कुणी विचारणारं उरलं नाही हे खरं, पण खाल्लं आम्हीच. चारचौघांत बसून घराच्या लीज होल्डचं फ्री होल्ड, म्हणजे भाडेपट्ट्याचं मालकीचं, व्हावं म्हणून आम्ही किती अर्ज केले! मधल्या जागेसाठी एकही केला नाही.

तिचं मोल मला कळायला हवं होतं, कारण तिच्याविना गाव कसं होतं ते मी पाहिलं होतं. भूकंपानंतर बावन्न गावं नव्या जागी वसवली. घरं जमिनीच्या हिशोबानं दिली: ज्याला जमीन नाही किंवा थोडी आहे त्याला अडीचशे चौरस फूट, मधल्याला चारशे, मोठ्या जमीनदाराला साडेसातशे. तात्यांना, म्हणजे माझ्या चुलत्यांना, चारशेचं मिळालं. मजबूत घर, त्यात खोट काढायला जागा नाही. पण रस्ते असे रुंद आणि सरळ, एकाला एक काटकोनात, की तात्या म्हणायचे, "समोरच्याला हाक मारायची म्हणली तर फोन लावावा लागतुय." जुन्या गावठाणात उलट, बोळ इतका अरुंद की समोरच्या घरातलं भांडण झाकायची सोय नव्हती. पहाटे त्याच बोळांनी माणसं अडकवली, म्हणून नवे रस्ते रुंद झाले. कारण होतंच. पण तात्या शेवटपर्यंत घरापुढं पत्र्याची शेड टाकून तिच्यात बसायचे, रस्त्याला जरा जवळ ओढल्यासारखे.

सिडकोच्या कुण्या नकाशा काढणाऱ्यानं आमच्या दोन ओळींमध्ये सोडलेलं अंतर या दोन्हींच्या मधलं होतं. ओट्यावरून नेहमीच्या आवाजात बोललं तर पलीकडं ऐकू जायचं, कुजबुजलं तर नाही. भाची म्हणाली, यावरच तर वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी बेलापूरला आर्टिस्ट व्हिलेज बांधलं, तेही सिडकोसाठीच, ऐंशीच्या दशकात. सात घरं मिळून आठ बाय आठ मीटरचं अंगण. अशी तीन टोळकी मिळून एकवीस घरांमध्ये बारा बाय बाराचं. कुठल्याच दोन घरांची भिंत सामाईक नाही, म्हणजे ज्याला वाढवायचं त्यानं शेजाऱ्याला न विचारता वाढवावं. घर बदलणारच हे धरून चाललेला माणूस. बदलू नये ते अंगण. मी तिथं एका लग्नाला गेलो होतो. घरं ओळखू येणार नाहीत इतकी बदललेली, पण अंगणातल्या पारावर बायका बसलेल्या होत्या.

नुसती जागा वाचून भागत नाही, हेही खरं. इंग्लंडात शेफिल्डला पार्क हिल म्हणून वसाहत आहे, १९६१ ची. वरच्या मजल्यांवर दहा फूट रुंद गॅलऱ्या, दूधवाल्याची गाडी दारापर्यंत जायची. १९९८ मध्ये तिला संरक्षण मिळालं, मग नूतनीकरण झालं, नवे फ्लॅट विकले गेले. गॅलरी आहे. तिच्यात वाढलेली माणसं बरीचशी दुसरीकडं गेली.

आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही, स्लॅबबद्दल. वेरूळचा काळा पाषाण हजारभर वर्षं ऊन-पाऊस खातोय. काँक्रीटचं तसं नसतं, ते आतून जातं. ओल झिरपली की सळईला गंज चढतो, गंज लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो, फुगतो आणि वरचा गिलावा फोडून बाहेर येतो. आमच्या मागच्या खोलीत तीन ठिकाणी सळया दिसतात. माळवदावर दरवर्षी मृगाच्या आधी पांढरी माती टाकावी लागायची, नाहीतर गळायचं. आजोबांनी ते एकही वर्ष चुकवलं नाही. स्लॅब आला तेव्हा सगळ्यांनी हेच ऐकलं की याला काही करावं लागत नाही. आम्ही चाळीस वर्षं काही केलं नाही. भावाचं म्हणणं याच सळयांवर उभं आहे, आणि त्याला खोडून काढण्यासारखं माझ्याकडं काही नाही. डागडुजी होईल असं मिस्त्री म्हणतो. खर्चही सांगतो.

रात्री भाचीनं कागद जमिनीवर पसरला. घरं आखून झाली होती, लाल आणि निळी. कॉलम तिनं काळ्या शाईनं भरले आणि बाजूला बारीक अक्षरात "१९९४" लिहिलं. मधली जागा कोरी सोडली होती.

आई बाजेवर बसून बघत होती. "हितं काय नाही काढलंस?"

"ती मोकळी जागा आहे आजी. मोकळी जागा कोरीच ठेवतात."

"कोरी कुठली गं." आई खाली उतरली, गुडघ्यावर हात ठेवत कागदाजवळ बसली. "हितं निंब होता. टँकर हितपर्यंत यायचा, ह्याच्या म्होरं चाक रुतायचं. हे भोसलेवहिनीचं वाळवण. गणपती हितं बसायचा, पर पहिल्या साली तिकडं कोपऱ्यात, लाइट नव्हती म्हणून." बोट कागदावर फिरत होतं. भाचीनं पेन्सिल उचलली आणि एक गोल काढला.

"निंब एवढा जवळ नव्हता," आई म्हणाली. "अजून समोरच्यांकडं. आपल्या ओट्यावर सावली चारच्या पुढं यायची."

भाचीनं गोल खोडला आणि टेप शोधायला उठली.